‘विथहोल्ड’चं जर्मन भाषांतर: आधी मराठी क्रियापद ठरवा, मग जर्मन

मुंबईत बी१-बी२ पातळीचं जर्मन शिकणाऱ्यांच्या वह्यांत आणि बीकेसी-अंधेरीच्या कचेऱ्यांतून जर्मनीला जाणाऱ्या मजकुरात एक चूक पुन्हा पुन्हा दिसते. इंग्रजीत ‘विथहोल्ड’ (ढोबळमानाने ‘रोखणं’) आलं की हात आपोआप ‘त्सुऱ्युकहाल्टन’ लिहून मोकळा होतो. व्याकरण चोख असतं, अर्थ मात्र भलताच निघतो. ‘पगारातून कर कापला’ असं सांगायचं असतं आणि जर्मन वाचकाला वाटतं की कंपनीने कराचे पैसे स्वतःकडेच अडवून ठेवलेत.

गडबड होते ती क्रमात. बहुतेक जण आधी जर्मन क्रियापद निवडतात, मग त्याची रूपं चालवतात आणि शेवटी, वेळ उरलाच तर, नेमकं काय रोखलं गेलं याचा विचार करतात. खालचे टप्पे त्याच्या उलट क्रमाने जातात. एकही टप्पा गाळू नका, विशेषतः दुसरा.

जर्मन शब्द इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिले आहेत. कोशात शोधताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘फोर’ आणि ‘फेर’ हे उपसर्ग रोमन ‘व्ही’ने लिहितात, ‘एफ’ने नव्हे. ‘त्सु’ची सुरुवात ‘झेड’ने होते.

## टप्पा १: लिहिण्याआधीची तयारी

मूळ वाक्याखाली पेन्सिलीने या प्रश्नांची उत्तरं लिहा:

- रोखणारा कोण? मालक, सरकारी खातं, डॉक्टर, की आपण स्वतः?
- रोखलं काय? पैसे, वस्तू, माहिती, परवानगी, की अश्रू?
- ते कोणाला मिळायचं होतं, आणि त्या माणसाचा त्यावर हक्क होता का?
- ते कायमचं रोखलं की काही काळापुरतं?

तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि नेमका तोच इंग्रजी वाक्यात बरेचदा अनुत्तरित असतो. कर्मणी वाक्यात तर कर्ताही गायब असतो. अशा वेळी मागची-पुढची दोन-तीन वाक्यं वाचा. तरीही कळत नसेल तर मजकूर पाठवणाऱ्याला विचारा. एका फोनचं काम असतं.

हाताशी डूडन किंवा डी-डब्ल्यू-डी-एस यांपैकी एखादा जर्मन-जर्मन कोश उघडा ठेवा. दोन्ही इंटरनेटवर फुकट आहेत. डी-डब्ल्यू-डी-एसमध्ये ‘वोर्टप्रोफील’ नावाची सोय आहे. एखादं क्रियापद प्रत्यक्षात कोणकोणत्या नामांबरोबर येतं ते तिथे दिसतं. द्विभाषिक कोश ‘विथहोल्ड’पुढे पाच-सहा शब्दांची रांग लावतो, त्यातला पहिला उचलायची सवय मोडा.

## टप्पा २: मराठी क्रियापद ठरवा

इंग्रजी एकाच शब्दावर जे भागवतं, ते मराठी वेगवेगळ्या क्रियापदांत आधीच वाटून ठेवते: कापून घेणं, अडवून ठेवणं, न देणं, नाकारणं, दडवणं, आवरणं. जर्मनची वाटणी जवळपास याच रेषांवर होते. म्हणून मराठी माणसाने इंग्रजीच्या खांद्यावरून जर्मनकडे पाहायची गरज नाही.

एक वाक्य घ्या: ‘कंपनीने पीएफचे पैसे पगारातून कापले, पण भरलेच नाहीत.’ हे मुंबईत कोणालाही समजावून सांगावं लागत नाही. इंग्रजीत या दोन्ही कृतींना ‘विथहोल्ड’ म्हणता येतं. मराठीत ‘कापले’ आणि ‘भरले नाहीत’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. जर्मनमध्येही पहिलं ‘आइनबेहाल्टन’ आणि दुसरं ‘फोरएंटहाल्टन’.

तपासा: तुम्ही लिहिलेलं मराठी क्रियापद ‘रोखणं’ असेल तर टप्पा अपुरा राहिला. ‘रोखणं’ हे इंग्रजी शब्दाइतकंच ढोबळ आहे. आईला, शेजाऱ्याला सांगताना कोणतं क्रियापद तोंडात आलं असतं ते लिहा.

## टप्पा ३: जर्मन क्रियापद निवडा

### कापून घेतलं: आइनबेहाल्टन

पैसे देणाऱ्याने देतानाच त्यातला भाग स्वतःकडे ठेवला तर हे क्रियापद. पगारातला आयकर, डिपॉझिटमधून कापलेला रंगकामाचा खर्च, बिलातून वळती केलेली रक्कम, सगळं इथे बसतं. हे क्रियापद तटस्थ आहे, आरोप करत नाही. जी गोष्ट हातात आली आणि परत दिली नाही, तिलाही ते चालतं: एटीएमने कार्ड आत ओढून घेतलं की जर्मनमध्ये कार्ड ‘आइनबेहाल्टन’ झालेलं असतं.

करासंबंधीच्या मजकुरात त्याची जोडी ‘आबफ्युरन’ या क्रियापदाशी असते. पहिलं म्हणजे कापणं, दुसरं म्हणजे ती रक्कम सरकारकडे भरणं. आपल्या टीडीएसच्या जातीच्या कराला जर्मनमध्ये ‘क्वेलनश्टॉयर’ म्हणतात. क्वेले म्हणजे उगम, म्हणजे उगमापाशीच घेतलेला कर. ‘आबफ्युरन’ कोशात पाहाल तर त्याच कुळातलं ‘आबफ्युरमिटल’ दिसेल, त्याचा अर्थ रेचक. घाबरू नका, कराच्या कागदात कोणी तसा अर्थ घेत नाही.

### हक्काचं दिलं नाही: फोरएंटहाल्टन

समोरच्याचा हक्क होता आणि तरी त्याला दिलं नाही, अशा ठिकाणी हे येतं. या क्रियापदात तक्रार मुरलेली आहे. जर्मन दंडसंहितेच्या कलम २६६अच्या शीर्षकातच ते आहे. कामगाराच्या सामाजिक विम्याचे हप्ते मालकाने भरले नाहीत तर हे कलम लागू होऊ शकतं, आणि शिक्षा पाच वर्षांपर्यंतच्या कैदेची किंवा दंडाची आहे. म्हणजे साध्या पगारपत्रकाच्या भाषांतरात ‘आइनबेहाल्टन’ऐवजी हे लिहिलंत तर आपल्याच कंपनीवर ठपका ठेवलात.

एकाच घटनेला दोन बाजूंनी दोन क्रियापदं कशी लागतात, ते डिपॉझिटच्या भांडणात छान दिसतं. दादरचा असो की ड्युसलडॉर्फचा, घरमालक म्हणतो, ‘नुकसानीचे पैसे कापून घेतले.’ भाडेकरू म्हणतो, ‘माझं डिपॉझिट दाबून ठेवलं.’ मालकाच्या पत्रात ‘आइनबेहाल्टन’, भाडेकरूच्या तक्रारीत ‘फोरएंटहाल्टन’. भाषांतरकाराने आधी बघायचं की बोलतंय कोण.

सावधान: मूळ मजकूर तटस्थ असेल तर स्वतःच्या मनाने ‘फोरएंटहाल्टन’ घालू नका. शंका असेल तर सौम्य क्रियापद घ्या.

### नाकारलं: फेरवायगर्न, कधी फेरझागन

संमती, सही, साक्ष, पैसे द्यायला नकार, यांसाठी ‘फेरवायगर्न’. करारांत एक ठरीव कलम असतं: संमती अवाजवी रीतीने रोखता येणार नाही. त्याचं रुळलेलं जर्मन रूप आहे ‘दी त्सुश्टिमुंग डार्फ निश्ट उनबिलिश फेरवायगर्ट वेअर्डन’. इथे लोक दोनदा घसरतात. क्रियापद ‘त्सुऱ्युकहाल्टन’ घेतात, आणि ‘अवाजवी’साठी ‘उनफेरन्युन्फ्टिश’ लिहितात. तो शब्द माणसाच्या वागण्याच्या अविचारीपणाला लागतो. कराराच्या भाषेत ‘उनबिलिश’च.

सरकारी खात्याने परवाना नाकारला असेल तर ‘फेरझागन’ अधिक शोभतं. पण ते कर्माशिवाय वापरलं की अर्थ फिरतो: ‘ब्रेक फेरझागन झाले’ म्हणजे ब्रेक निकामी झाले. कर्म लिहायला विसरलात तर खात्याने परवाना नाकारला याऐवजी खातंच नापास झालं असं वाक्य तयार होईल. त्यात तथ्य असेलही, पण ते भाषांतरात नको.

### दडवलं: फेरश्वायगन

माहिती मुद्दाम सांगितली नाही तर हे. घर किंवा गाडी विकणाऱ्याने दोष लपवला, यासाठी जर्मन नागरी संहितेच्या कलम ४४४मध्ये ‘आर्गलिस्टिश फेरश्वायगन’ असा शब्दप्रयोग आहे, म्हणजे कपटाने दडवणं. मालमत्तेच्या कागदपत्रांचं काम करत असाल तर ही जोडी पाठच करा.

माहितीच्या बाबतीत तीन छटा आहेत आणि तिन्ही वाक्यं व्याकरणात बरोबर असतात, त्यामुळे चूक पकडली जात नाही. पोलिसांनी तपासासाठी काही तपशील सध्या बाहेर सोडले नाहीत: त्सुऱ्युकहाल्टन. साक्षीदाराने ठाऊक असूनही तोंड उघडलं नाही: फेरश्वायगन. रुग्णाला त्याच्याच आजाराची माहिती दिली नाही, आणि तो त्याचा हक्क होता: फोरएंटहाल्टन. टप्पा १मधला तिसरा प्रश्न इथे कामाला येतो.

### अटीवर अडवून ठेवलं: त्सुऱ्युकबेहाल्टन

‘तुमचं काम झालं की आमचे पैसे’ अशा ठिकाणी. माल खराब आला म्हणून बिल थांबवलं, थकबाकी मिळेपर्यंत वस्तू दिली नाही. नागरी संहितेच्या कलम २७३ने दिलेल्या अशा हक्काचं नावच ‘त्सुऱ्युकबेहाल्टुंग्सरेश्ट’. कलम ३२०मध्ये मात्र, समोरचा आपली बाजू पुरी करेपर्यंत आपण आपली बाजू ‘फेरवायगर्न’ करू शकतो, असं आहे. करारात या कलमांचा उल्लेख असेल तर त्या त्या कलमाचंच क्रियापद वापरा. इथे स्वतःची शैली दाखवायला जाऊ नका.

### आवरलं: त्सुऱ्युकहाल्टन

आता हे. याचं खरं घर म्हणजे अश्रू आवरणं, हसू दाबणं, गर्दीला मागे धरणं, वर सांगितल्याप्रमाणे तपशील तूर्त बाहेर न सोडणं. ‘मत राखून ठेवलं’ म्हणायचं तर त्याच्याबरोबर ‘मिट’ हे अव्यय येतं, आणि मत डाटिवमध्ये (आपल्या चतुर्थीसारख्या विभक्तीत) जातं. मतदानात तटस्थ राहणं वेगळं: ‘झिश देअर श्टिमे एंटहाल्टन’.

## टप्पा ४: क्रियापद लागतच नाही अशी ठिकाणं वेगळी काढा

काही ठिकाणी जर्मनमध्ये ठरलेला शब्दप्रयोग असतो आणि तुमची सगळी निवड निरुपयोगी ठरते.

फोनवर नंबर दिसत नाही, तो ‘उंटरड्र्युक्टे नुमर’, दाबलेला नंबर. वाचकांच्या पत्राखाली ‘नाव गुप्त ठेवलं आहे’ असतं, तिथे जर्मन वृत्तपत्रं ‘नामे देअर रेडाक्त्सिओन बेकांट’ छापतात, म्हणजे नाव संपादकांना ठाऊक आहे.

औषधांच्या मजकुरावर जास्त वेळ घालवायला हवा. मुंबईत औषध कंपन्यांची कामं भाषांतरकारांकडे भरपूर येतात आणि इथली चूक महागात पडू शकते. इंग्रजी सूचनेत ‘दुष्परिणाम कमी होईपर्यंत औषध विथहोल्ड करा’ असं असतं. त्याचा अर्थ तात्पुरतं थांबवा. जर्मनमध्ये त्यासाठी ‘आउसझेत्सन’ किंवा ‘उंटरब्रेशन’. एका उपसर्गाच्या अंतरावर बसलेलं ‘आबझेत्सन’ म्हणजे औषध बंदच करून टाकणं.

सावधान: ‘आउस’ आणि ‘आब’ यांची गफलत स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर पकडत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. माझा सल्ला, अशा मजकुरात सरळ ‘उंटरब्रेशन’ वापरा. त्यात गोंधळाला जागाच नाही.

शेवटच्या आजारात उपचार न देण्याचा निर्णय घेतला असेल तर ‘फोरएंटहाल्टन’ लिहिणं म्हणजे डॉक्टरवर आरोप. तिथे ‘फेरत्सिश्टन’ हे क्रियापद ‘आउफ’ अव्ययासह येतं, म्हणजे उपचार न करणं स्वीकारलं.

## टप्पा ५: माणूस कोणत्या विभक्तीत, ते बसवा

‘फोरएंटहाल्टन’, ‘फेरश्वायगन’ आणि ‘फेरवायगर्न’ या तिघांचा सांगाडा सारखा: ज्याला मिळालं नाही तो माणूस डाटिवमध्ये, जे मिळालं नाही ते अकुझाटिवमध्ये, म्हणजे कर्माच्या विभक्तीत.

इथे इंग्रजी आणि मराठी दोघी मिळून फसवतात. आपण म्हणतो ‘माझ्यापासून लपवलं’, इंग्रजीही तसंच शब्दयोगी अव्यय वापरतं, आणि विद्यार्थी बिनदिक्कत ‘फोन मिअर’ (माझ्यापासून) लिहितो. जर्मनमध्ये नुसतं ‘मिअर’ (मला). दुसरा सापळा षष्ठीचा. ‘माझं डिपॉझिट दाबून ठेवलं’ यात ‘माझं’ आलं की आपल्याला माणूस सांगून झाला असं वाटतं. जर्मन वाक्याला तरीही ‘मिअर’ हवं असतं: ‘देअर फेरमीटर एंटहेल्ट मिअर दी काउत्सिओन फोर’.

‘आइनबेहाल्टन’चा सांगाडा वेगळा आहे. तिथे महत्त्वाचं असतं ते कशातून कापलं: ‘फॉम गेहाल्ट’, पगारातून.

कर्मणी रचनेत मात्र मराठी तारून नेते. ‘मला पगार नाकारण्यात आला’ यात ‘मला’ जागचं हलत नाही, तसंच ‘मिअर वुर्डे दी...’ या धर्तीवर डाटिव तसाच राहतो. ‘इश वुर्डे’ने, म्हणजे ‘मी’ने, सुरुवात केलीत तर ती इंग्रजीची सवय आहे, खोडा.

तपासा: ‘फेरवायगर्न’ला नाम लागतं, पैसे देण्याला नकार. ‘झिश वायगर्न’ला क्रिया लागते, पैसे द्यायला नकार, आणि मागून ‘त्सु’ येतं. दोन्हींची खिचडी झाली नाही ना?

## टप्पा ६: उपसर्ग तोडा, पण रूप जपून

‘फेर’ने सुरू होणारी कधीच तुटत नाहीत, ‘उंटरब्रेशन’ आणि नुसतं ‘एंटहाल्टन’ही नाही. बाकीची साध्या वाक्यात तुटतात आणि उपसर्ग टोकाला जातो: ‘बेहेल्ट... आइन’, ‘एंटहेल्ट... फोर’, ‘हेल्ट... त्सुऱ्युक’. लांब वाक्यात तो शेवटचा तुकडा हमखास विसरला जातो. ‘एंटहेल्ट’ एकटं राहिलं तर त्याचा अर्थ ‘समाविष्ट आहे’ असा होतो आणि वाचक चक्रावतो.

‘हाल्टन’ने संपणाऱ्यांपैकी भूतकाळवाचक धातुसाधितात ‘गे’ फक्त ‘त्सुऱ्युकगेहाल्टन’मध्ये येतं. ‘आइनबेहाल्टन’, ‘फोरएंटहाल्टन’ आणि ‘त्सुऱ्युकबेहाल्टन’ जशीच्या तशी राहतात, कारण त्यांच्या पोटात ‘बे’ किंवा ‘एंट’ आधीच बसलेलं आहे. ‘त्सु’ मात्र या सगळ्यांच्या मध्ये घुसतं: आइनत्सुबेहाल्टन, फोरत्सुएंटहाल्टन, त्सुऱ्युकत्सुहाल्टन.

मूळ रूप आणि धातुसाधित सारखंच दिसल्यामुळे एक बारीक घोटाळा होतो. ‘देअर बेट्राग विर्ड आइनबेहाल्टन’ म्हणजे रक्कम कापली जाते. ‘एअर विर्ड डेन बेट्राग आइनबेहाल्टन’ म्हणजे तो रक्कम कापणार आहे. फरक कोणता ते ‘देअर’ आणि ‘डेन’ सांगतात. उपपद चुकलं की काळही चुकला आणि कर्ताही.

## टप्पा ७: जुळ्या दिसणाऱ्या शब्दाची झडती

‘फोरएंटहाल्टन’ आणि ‘फोरबेहाल्टन’. दुसरं म्हणजे हक्क राखून ठेवणं. जर्मन पुस्तकांत ‘आले रेश्टे फोरबेहाल्टन’ असतं ते आपलं ‘सर्व हक्क राखीव’. कंपनीने बदल करण्याचा हक्क राखून ठेवला हे लिहिताना पहिलं वापरलंत तर तिने बदल दाबून ठेवले असं होईल. मजकूर संपला की शोधाच्या खिडकीत दोन्ही टाका आणि प्रत्येक जागा डोळ्यांखालून घाला.

## टप्पा ८: मराठीत परत आणा

पूर्ण झालेलं जर्मन इंग्रजीत उलटून पाहू नका. तिथे सगळी क्रियापदं पुन्हा ‘विथहोल्ड’मध्ये विरघळतील आणि सगळं बरोबर वाटेल. मराठीत उलटा. टप्पा २मध्ये लिहिलेलं क्रियापद परत आलं तर पुढे जा.

एक नमुना. मुंबईच्या कचेरीतून म्युनिकच्या मुख्य कार्यालयाला पत्र जायचं आहे. नोकरी सोडलेल्या कर्मचाऱ्याच्या शेवटच्या पगारातून कर कापला: आइनबेहाल्टन. त्याने लॅपटॉप परत केला नाही म्हणून उरलेली देणी थांबवली: त्सुऱ्युकबेहाल्टन. आपलं नाव ग्राहकाला कळू नये अशी त्याची विनंती आहे: इथे नुसतं ‘निश्ट नेनन’, म्हणजे नाव न सांगणं, पुरे.

चौथं वाक्य नाजूक आहे: कंपनीने आपल्याला अनुभवाचा दाखला दिला नाही, असं तो म्हणतो. नोकरी सोडताना दाखला मिळणं हा जर्मनीत कर्मचाऱ्याचा कायदेशीर हक्क आहे, त्यामुळे म्युनिकला हा मुद्दा गंभीर वाटणार. आरोप त्याचा आहे म्हणून ‘फोरएंटहाल्टन’ योग्यच, पण सहायक क्रियापद ‘हाट’ न लिहिता ‘हाबे’ लिहा. ‘हाबे’ने ते त्याचं म्हणणं राहतं, ‘हाट’ लिहिलंत तर कंपनीने स्वतःच कबुली दिल्यासारखं वाचलं जाऊ शकतं.